पंडिता रमाबाई : वियोगातून लाभलेली शांती

या जगातील सर्व काही नाशवंत आहे, हे सत्य आपण उपासनेत सहज उच्चारतो. परंतु तेच सत्य आपल्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले की मन व्याकूळ होते. पंडिता रमाबाईंच्या दारी ते कोवळ्या वयातच आले, आणि पुन्हा पुन्हा येत राहिले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये ही रूढी मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले, आणि आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. पुढे संपत्ती ओसरली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडू लागले. दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा आधी वडील, मग आई आणि पाठोपाठ बहीण, अशी तिघे अन्नान्न दशेत गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. पदरी एक वर्षाचीही न झालेली मनोरमा होती.

एवढ्या वियोगांनी मनुष्य विरक्त होतो, असे आपणांस वाटेल. परंतु दुःखाने मन सुन्न होते. शांत होतेच असे नाही. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तरीही आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना पुढे उमगले, आणि त्यांनी ते प्रांजळपणे लिहून ठेवले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, स्वतःच्या पुण्याईचा भरवसा सोडून त्या प्रभूला शरण गेल्या, तेव्हा त्यांना खरी शांती लाभली.

त्या शांतीची कसोटी लवकरच लागली. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेले आणि पुढे पुण्यास हलविलेले शारदासदन १८९३ साली धर्मांतराच्या वादात सापडले. सल्लागार मंडळ दूर झाले, अनेक पालकांनी मुली नेल्या. लौकिकही जाऊ शकतो, हे रमाबाईंनी पाहिले. परंतु काम सोडले नाही. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली पाहून त्यांना आपलेच पूर्वायुष्य आठवले. शेकडो मुलींना त्यांनी केडगावी आणले, आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. जिचे माहेर दुष्काळाने पुसले गेले, तीच दुष्काळग्रस्तांची आई झाली.

शेवटचा घाव सर्वांत खोल होता. आपल्यामागे मनोरमा हे कार्य सांभाळील, अशी त्यांची आशा होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई निवर्तल्या. रमाबाईंना तेव्हा कानांनी फारसे ऐकू येत नव्हते, शरीरही थकले होते. तरीही मूळ इब्री व ग्रीक भाषांतून चालविलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी पुरे करीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये झोपी गेल्या. ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. छापलेला संपूर्ण ग्रंथ हाती घेणे त्यांच्या वाट्यास आले नाही.

प्रिय वाचकहो, रमाबाईंची विरक्ती म्हणजे प्रेम आटणे नव्हे. कन्येवर त्यांनी उणे प्रेम केले नाही. मात्र कन्या, कार्य आणि कीर्ती ही सर्व देवाने सोपविलेली ठेव आहे, असे मानून त्या जगल्या. ठेव परत मागितली गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले असतील, परंतु हाती घेतलेली सेवा थांबली नाही. आज ज्यांच्या घरातील एखादी जागा रिकामी झाली आहे, त्यांनी अश्रूंची लाज बाळगू नये. ज्याने ती ठेव दिली होती, त्याच्याच हाती आपले मन द्यावे, आणि उद्या सकाळी समोर असलेले काम हाती घ्यावे.