लातूरचं जिनिंग, येरवड्याची कोठडी आणि उत्तर ध्रुव

लोकमान्य टिळक म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो, फार तर शाळेतली शेंगांच्या टरफलांची गोष्ट. पण मैत्रिणींनो, टिळकांचं आपल्या लातूरशी नातं होतं, हे ठाऊक होतं का? १८९० साली त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. पगार थांबला, केसरीवर कर्ज होतं. मग पुण्यात त्यांनी वकिलीच्या परीक्षेचे वर्ग काढले आणि १८९१ च्या सुमारास भागीदारीत लातूरला कापसाचं जिनिंग सुरू केलं. लातूर तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. पुढाऱ्यालाही घरखर्च असतोच की!

घर होतं सत्यभामाबाईंचं. माहेरचं नाव तापी. १८७१ मध्ये लग्न झालं तेव्हा नवरा शाळकरी वयाचाच होता. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. घरी संस्कृत, आवडीचा विषय गणित. या दोन विद्या एकत्र आल्या आणि त्यांना एक वेगळाच नाद लागला. वेदांमधल्या ग्रह-ताऱ्यांच्या खुणांवरून वेदांचा काळ काढायचा! ‘ओरायन’ हे त्यांचं पुस्तक १८९३ चं.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला, रँडचा खून झाला आणि केसरीतल्या लिखाणावरून टिळकांना दीड वर्षाची सजा झाली. येरवड्याच्या तुरुंगात अन्न मानवेना, वजन घटलं. अशात मॅक्समुल्लर या जर्मन पंडिताने पाठवलेला ऋग्वेद त्यांच्या हाती पडला. वाचता वाचता ते उषेच्या सूक्तांपाशी थांबले. एकच उषा नाही, अनेक उषा. आणि सूर्य उगवायच्या आधी कित्येक दिवस चालणारी पहाट. आपल्याकडे तर चूल पेटेपर्यंत उजाडतं. मग अशी पहाट असते कुठे? फक्त ध्रुवाजवळ, जिथे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र.

सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले. पुढे १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे पुस्तक निघालं. त्यात त्यांनी मांडलं, की उत्तर ध्रुवाकडे एकेकाळी राहण्याजोगी हवा होती, आपले पूर्वज तिथे होते, आणि हिमयुग आल्यावर ते दक्षिणेकडे सरकले.

पूर्वजांच्या घराची ही कल्पना आज अभ्यासक मानत नाहीत, आणि ते खरंच आहे. टिळकांचं गणित एका जागी मात्र जवळ आलं. हिमयुग संपून दहा-बारा हजार वर्षं झाली असं त्यांनी धरलं. आजचा आकडा सुमारे ११,७०० वर्षांचा आहे. चूक झाली ती त्याआधीच्या हवेची. त्याआधी लाखभर वर्षं तिथे कडाक्याची थंडीच होती. ध्रुवाकडे खरी ऊब होती ती सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी. त्या वेळचे उन्हाळे आजच्यापेक्षा काही अंशांनी गरम होते.

टिळकांना यापुढे पुन्हा तुरुंग होता. १९०८ ते १९१४ ते मंडालेला होते, आणि तिथे असतानाच १९१२ च्या जूनमध्ये सत्यभामाबाई पुण्यात गेल्या. शेवटची भेटही नाही. ते स्वतः १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत गेले.

पण ध्रुवावरची हवा एवढी बदलते कशी? उत्तराचा एक धागा त्यांच्या पुस्तकातच होता. त्यात जेम्स क्रॉल या स्कॉटिश माणसाच्या मताची चर्चा आहे. क्रॉल ग्लासगोच्या एका संग्रहालयाचा रखवालदार. तिथली पुस्तकं वाचून शास्त्रज्ञ झाला. बर्फ ऊन परतवतो म्हणून थंडी आणखी वाढते, हे त्याने सांगितलं. हेच उलटंही चालतं. उन्हाळ्यात आपण गच्चीला चुना मारतो ना, घर गार राहावं म्हणून? ध्रुवाची गच्ची बर्फाची. ताजं हिम ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतं. ते वितळलं की खालचा काळा समुद्र नव्वद टक्क्यांहून जास्त ऊन पितो, तापतो, आणखी बर्फ वितळवतो. साठवलेली ही ऊब मग हिवाळ्यात हवेत येते. दुसरं कारण हवेचं. आपल्याकडे गरम हवा ढगांबरोबर उंच जाते. तिथली थंड, जड हवा जमिनीला धरून बसते, म्हणून ऊबही खालीच कोंडते. १९७९ पासून उत्तर ध्रुवाचा प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. दक्षिण ध्रुवाकडे उंच, जाड बर्फ आणि भोवती खोल समुद्र, म्हणून तिथला वेग कमी.

लातूर-नांदेडला याचं काय, असं वाटेल. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं, की रशियाच्या उत्तरेकडच्या समुद्रातला बर्फ उन्हाळ्यात कमी झाला, तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होण्याशी त्याचा संबंध असू शकतो. अजून पक्कं नाही. पण सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे सोयाबीनच्या शेंगा भरून काढणीला आलेल्या असतात.