अमळनेरचा वारसा : मोहम्मद हाशम प्रेमजी

साने गुरुजींची कर्मभूमी, तत्त्वज्ञान मंदिराचे गाव, प्रताप मिलचे गाव अशी अमळनेरची महाराष्ट्राला जुनी ओळख. जळगाव जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाला पुढे आणखी एक ओळख चिकटली ती समभागांमुळे कोट्यधीश झालेल्या कुटुंबांचे गाव म्हणून. या समृद्धीचे बीज ज्यांनी पेरले, ते उद्योजक मोहम्मद हाशम प्रेमजी. पुत्र अझीम प्रेमजी यांच्या कीर्तीच्या झगमगाटात पित्याचे कर्तृत्व काहीसे झाकोळले गेले. वडिलोपार्जित संपत्ती आणि वाढती विषमता यांची चर्चा होत असताना मात्र त्यांच्या चरित्राकडे पुन्हा वळावेसे वाटते.

प्रेमजी घराणे मूळचे गुजराती खोजा मुस्लिम. तांदळाचा व्यापार हा या घराण्याचा व्यवसाय आणि ब्रह्मदेशच्या तांदळाशी त्यांचे नाव जोडले गेलेले. म्हणजे मोहम्मद हाशम यांनी शून्यातून विश्व उभारले, असे म्हणता येणार नाही. भांडवल, पत आणि व्यापारी ओळखी हा त्यांचाही वारसाच होता. त्यांचे वेगळेपण असे, की त्यांनी हा वारसा केवळ व्यापारात न ठेवता कारखानदारीत ओतला.

२९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या कंपनीची नोंदणी झाली आणि कारखान्यासाठी अमळनेरची निवड झाली. जळगाव-धुळ्याच्या शिवारातील भुईमूग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग या दोन्ही गोष्टी येथे हाताशी होत्या. शेंगदाणा तेलापासून वनस्पती तूप आणि त्याला जोडून ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण तयार होऊ लागला. १९४६ मध्ये कंपनीचे समभाग सर्वसामान्यांसाठी खुले झाले. पुढे अमळनेरकरांच्या घरातही हे कागद आले. ते आपल्या नातवंडांचे भाग्य पालटतील, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. पाकिस्तानात येण्याचे महंमद अली जीना यांचे निमंत्रण मोहम्मद हाशम यांनी नाकारले आणि ते भारतातच राहिले. त्या एका नकाराने अमळनेरचाही भविष्यकाळ ठरून गेला.

ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकणारे अझीम शिक्षण अर्धवट टाकून परतले, तेव्हा त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. कंपनी जन्मली त्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांचाही जन्म झाला होता. त्या काळी भारतात मृत्युकर लागू होता. १९५३ मध्ये आलेला हा कर १९८५ मध्ये रद्द झाला, तर संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात मोडीत निघाला. त्यामुळे आज कितीही मोठी मालमत्ता एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वारसाकराविना जाते.

तुपाची कंपनी पुढे ‘विप्रो’ झाली आणि संगणक क्षेत्रात उतरली. १९९७ मध्ये एका समभागामागे दोन बक्षीस समभाग मिळाले, १९९९ मध्ये एकाचे पाच झाले आणि २००४ मध्ये पुन्हा एकामागे दोन मिळाले. केवळ या तीन टप्प्यांत एका समभागाचे ४५ झाले! ज्यांनी ते सांभाळले, त्यांच्या वारसांना श्रम न करता संपत्ती लाभली.

परंतु सांभाळणे सर्वांनाच कसे परवडावे? दुष्काळात, आजारपणात किंवा मुलीच्या लग्नात घरातला कागद आधी मोडला जातो. ज्या शेतकऱ्याने भुईमूग पिकविला, ज्या हमालाने पोती वाहिली, त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे समभाग नव्हता, त्यांच्या मुलांच्या वाट्याला मजुरीच आली. घाम एकाच कारखान्याच्या आवारात गाळला गेला, वारसा मात्र निराळा निघाला. देशाचे चित्र याहून वेगळे नाही. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता.

अझीम प्रेमजी यांनी २०१९ पर्यंत विप्रोतील ६७ टक्के आर्थिक मालकी, म्हणजे सुमारे एक लाख ४५ हजार कोटी रुपये मूल्याची संपत्ती, शिक्षणादी कार्यासाठी आपल्या प्रतिष्ठानाच्या नावे केली. पित्याच्या वारशाची याहून मोठी परतफेड कोणती? तरीही हे औदार्य एका व्यक्तीच्या इच्छेचे आहे. समाजाचा नियम नव्हे. मोहम्मद हाशम यांनी अमळनेरला रोजगार दिला आणि काही घरांना भांडवलात भागीदारीही. पहिल्या लाभापेक्षा दुसरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, हा त्यांच्या कारखान्याने खान्देशला शिकविलेला धडा आहे. ती भागीदारी आणखी किती घरांपर्यंत पोहोचवायची, हे मात्र आता समाजाने आणि शासनाने ठरवायचे आहे.