शास्त्रज्ञ ग्रेगोर मेंडेल

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म १८२२ साली हाइन्झेंडॉर्फ या खेड्यात झाला. ते खेडे आता चेक प्रजासत्ताक या देशात आहे. त्यांचे पहिले नाव योहान. वडील शेतकरी होते. योहान हुशार होता, पण घरची गरिबी. त्यातच १८३८ साली ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. शिक्षण बंद पडायची वेळ आली. तेव्हा धाकट्या बहिणीने, थेरेसियाने, आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातला वाटा भावाला दिला. मेंडेल हे विसरले नाहीत. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला या मामानेच मदत केली. त्यातले दोन भाचे डॉक्टर झाले.

१८४३ साली ते ब्रनो शहरातल्या मठात गेले. तिथं त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. शिक्षक व्हायची परीक्षा त्यांना दोनदा देऊनही जमली नाही. तरी ते शाळेत शिकवायचे आणि १८५६ पासून मठाच्या बागेत वाटाणे लावायचे. एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावायचे, मग शेंगा आणि दाणे मोजत बसायचे. असं सात-आठ वर्षं केलं! लई चिकाटी होती.

वाटाण्याचा नियम दुसऱ्या पिकाला लागतो का, हे बघायला त्यांनी घेवडा घेतला. आपण भाजी करतो तोच श्रावणघेवडा. एक जात बुटकी, तिच्या शेंगा हिरव्या. दुसरी उंच वेलाची, तिच्या शेंगा पिवळ्या. दोन्हींचा संकर केला तर सगळे वेल उंच आणि शेंगा हिरव्या. मग पिवळा रंग गेला कुठं? तो लपला होता. त्याच वेलांचे बी पुन्हा लावले तेव्हा चारात साधारण एकाला पिवळ्या शेंगा आल्या. वाटाण्यातही तसेच. तिथं त्यांनी ५८० झाडे मोजली. ४२८ झाडांना हिरव्या शेंगा आणि १५२ झाडांना पिवळ्या.

गुरुजींनी आम्हाला हे चिंचोक्यांवर शिकवलं. शेंगेच्या रंगाचे दोन चिंचोके धरायचे, एक आईकडचा, एक बापाकडचा. एक जरी हिरवा असला तरी शेंग हिरवी. दोन्ही पिवळे आले तरच पिवळी. आम्ही दोन टोप्यांत हिरवे-पिवळे चिंचोके सारखे टाकले आणि डोळे मिटून चाळीस जोड्या काढल्या. अकरा जोड्या पिवळ्या निघाल्या.

म्हणून नुसती हिरवी शेंग बघून तिच्या बियात काय लपलंय ते कळत नाही. ते पुढच्या पेरणीला कळतं. आपल्या जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, घेवड्याचे गावठी वाण जपले. त्यांना पद्मश्री मिळाली. पालकांनी घरातल्या घेवड्याच्या बियांकडे एकदा नीट बघावं.

मेंडेल यांनी १८६५ साली आपला शोध ब्रनोच्या सभेत वाचून दाखवला. पुढच्या वर्षी तो छापला. पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८६८ साली ते मठाचे प्रमुख झाले आणि मग प्रयोगाला वेळ मिळेना. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. १९०० साली वेगवेगळ्या देशांतल्या तीन शास्त्रज्ञांना तोच नियम सापडला. जुनी पुस्तके चाळली तर तो मेंडेल यांनी आधीच लिहून ठेवलेला होता.