विरोळा, घोणस आणि डॉ. रसेल

घोणस या जहाल विषारी सापाला इंग्रजीत ज्यांचे नाव आहे, ते डॉ. पॅट्रिक रसेल मूळचे एडिनबराचे. जन्म १७२७चा. अलेप्पो शहरात प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्ण तपासले. पुढे ते विशाखापट्टणमला आले आणि १७८५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्ग अभ्यासक झाले.

लोक आणून देत तो प्रत्येक साप ते जबडा उघडून पाहत. कुत्र्या-कोंबड्यांना दंश करवून परिणाम नोंदवत. रंग किंवा खवल्यांवरून विषारी साप खात्रीने ठरत नाही, विषदंतच पाहावे लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. १७९६मध्ये त्यांचा सचित्र ग्रंथ आला. त्यातल्या पाण्यातील एका सापाच्या चित्रावरून जर्मन अभ्यासक श्नायडर यांनी १७९९मध्ये त्याला मासेमार अशा अर्थाचे शास्त्रीय नाव दिले. तोच आपला विरोळा, म्हणजे पाणदिवड. १८०५मध्ये रसेल लंडनला वारले.

विरोळा भातखाचरात, तळ्यात राहतो; मासे-बेडूक खातो. डिवचला की मान चपटी करतो, म्हणून नाग समजून मारला जातो. तो कडकडून चावतो, पण बिनविषारी आहे. जखम धुणे आणि धनुर्वाताची लस एवढे पुरते.

मात्र ‘विरोळाच होता’ हे घरी ठरवू नका. चावलेला भाग आवळून बांधू नका, कापू नका. रुग्णाला थेट रुग्णालयात आणा. जे ओळखायला रसेलना जबडा उघडावा लागे, ते अंधारात बांधावर कसे ओळखणार?