फ्लॉरेन्सच्या पानगळीत विसावलेले राजाराम महाराज

कळंबा (कोल्हापूर) – पानगळीचे रंग कोल्हापूरकरांच्या फारसे परिचयाचे नाहीत. कळंब्याकडून शहरात येताना एखाद्या बंगल्याच्या कुंपणाआतला देशी बदाम पौष-माघाच्या सुमारास तांबडालाल होतो, काही दिवस अंगणभर पाने पसरतो आणि बघता बघता पुन्हा हिरवा होतो. बाकी पळस, पांगारा, काटेसावर रंग उधळतात ते फुलांचे. कोशिंबाची लाली डोळ्यांत भरते खरी; पण ती जुन्या पानांची नव्हे, कोवळ्या पालवीची. आपल्याकडे झाड लाल झाले की वसंत जवळ आला असे समजावे. युरोपात मात्र झाड लाल-पिवळे झाले की वर्ष सरत आले असे समजतात.

कोल्हापूरच्या गादीवरील एका तरुण छत्रपतींचे अखेरचे दिवस या दुसऱ्या प्रकारच्या रंगांच्या प्रदेशात सरले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे वीस. अर्नो नदीकाठच्या काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला त्यांची छत्री आजही उभी आहे. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयामुळे त्यांचे नाव रोज हजारो तोंडी येते, पण तो राजा कोण होता हे सांगणारे थोडेच भेटतात. फ्लॉरेन्समध्ये नेमके उलटे घडले आहे. तेथे माणसाची आठवण उरली, नाव मात्र पुसले गेले.

राजाराम महाराज मूळचे पाटणकर घराण्यातील. जन्म १८५० चा, जन्मनाव नागोजीराव. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब यांच्या बहिणीचे ते चिरंजीव. बाबासाहेबांना औरस पुत्र नव्हता. संस्थानिकांच्या दत्तकाचा प्रश्न त्या काळात किती जिव्हाळ्याचा होता, हे सातारा आणि झाशीच्या इतिहासावरून वाचकांना ठाऊक आहेच. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने धोरण बदलले आणि संस्थानिकांना दत्तकाचा अधिकार सनदेने मान्य केला. त्यामुळेच १८६६ मध्ये बाबासाहेबांनी मृत्यूपूर्वी आपल्या भाच्याला दत्तक घेऊ शकले आणि सोळा वर्षांचा हा मुलगा राजाराम या नावाने गादीवर आला.

वाड्यातील वातावरण हलके नव्हते. बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर १८५७ च्या उठावात सामील असल्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्यांना कराचीला हलविले होते. १८६९ मध्ये तेथेच, नजरकैदेत, त्यांचा अंत झाला. म्हणजे राजाराम महाराज विलायतेला निघाले त्याच्या आदल्याच वर्षी या घराण्याने आपला एक पुरुष परमुलखात गमावला होता.

तरुण राजाच्या शिक्षणाची जबाबदारी जमशेटजी नवरोजी उनवाला या पारशी गृहस्थांकडे होती. महाराजांनी इंग्रजीवर चांगले प्रभुत्व मिळविले. नुसते बोलण्यापुरते नव्हे. पुढे परदेशातील आपली रोजनिशी त्यांनी इंग्रजीतच लिहिली. कॅप्टन एडवर्ड वेस्ट या अधिकाऱ्याने ती संपादित केली आणि महाराजांच्या पश्चात, १८७२ मध्ये, ती लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एका मराठी संस्थानिकाने स्वतः लिहिलेले इतके जुने प्रवासवर्णन असूनही आपल्याकडे त्याची चर्चा कमीच झाली, याचे नवल वाटते.

विलायतेला जाण्याचा निर्णय साधा नव्हता. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानणारा समाज भोवती होता आणि छत्रपतींच्या घराण्याकडे तर सर्वांचेच डोळे लागलेले असायचे. त्या पिढीतील हिंदू संस्थानिकांत असे धाडस करणारे जवळजवळ कोणी नव्हते. महाराज निघाले ते आपले सेवक आणि स्वयंपाकी बरोबर घेऊन. सोबत कॅप्टन वेस्ट आणि उनवाला होते. १८७० च्या मे महिन्यात मुंबईचा किनारा सुटला. सुएझ कालवा वाहतुकीला खुला होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

जूनमध्ये ही मंडळी लंडनला पोहोचली. राणी व्हिक्टोरियाची भेट, संसद, संस्था, समारंभ हा क्रम त्या काळातील कोणाही संस्थानिकाच्या दौऱ्यात असायचा तसाच होता. वेगळी होती ती पाहणाऱ्याची दृष्टी. पाहिलेले दररोज टिपून ठेवण्याची शिस्त या विशीतल्या राजाकडे होती.

त्या वर्षी ब्रिटनमधील बागाही एका नवलाईच्या काळातून जात होत्या. हौशी आणि धनाढ्य बागायतदारांना सूचिपर्णी वृक्षांचे वेड लागले होते. आपल्या हिमालयातील देवदार १८३१ मध्ये तिकडे रुजला होता. कॅलिफोर्नियातील महाकाय रेडवूडचे बी १८५३ मध्ये आले आणि बड्या बंगल्यांपुढे त्याच्या रांगा उभ्या राहू लागल्या. पाठोपाठ जपानची बंदरे परकीयांना खुली झाली. १८६० मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन आणि जॉन गूल्ड वीच हे दोन वनस्पतिसंग्राहक जपानला पोहोचले आणि तेथील झाडाझुडपांच्या पेट्या इंग्लंडकडे निघाल्या. चीनमधून चहाची रोपे भारतात आणणारा फॉर्च्युन तो हाच. जपानी मॅपल त्याआधी, १८२० च्या सुमारासच, ब्रिटनमध्ये आला होता. मात्र त्याचे नाना रंगांचे आणि कातरलेल्या पानांचे प्रकार बागांत दिसू लागले ते या नव्या वाटेने. गडद हिरव्या देवदाराच्या पार्श्वभूमीवर मॅपलचा पेटता लाल रंग, ही बागेची मांडणी पुढे जगभर गाजली. तिची जुळवाजुळव होत होती ती याच दशकांत.

हे रंग येतात कसे, तेही येथे सांगायला हवे. दिवस लहान होऊ लागले, रात्री गारठल्या की पानातील हरितद्रव्य मोडू लागते आणि झाड त्यातील उपयुक्त अंश खोडाकडे परत ओढून घेते. पिवळा रंग पानात मुळातच असतो. हिरवा ओसरला की तो उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो. पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून, स्वच्छ उन्हाचे दिवस आणि थंड रात्री असतील तर, तो अधिक खुलतो. बहुतेक सूचिपर्णी वृक्ष या सगळ्यातून अलिप्त, हिरवेच राहतात. आल्प्समधला लार्च तेवढा अपवाद; तो सोनेरी होतो आणि चक्क आपल्या सुया गाळतो.

कोल्हापुरात नेमकी ती गारठ्याची शिदोरी नाही. रोपवाटिकांत मिळणारी मोरपंखी किंवा ख्रिसमस ट्री म्हणून विकला जाणारा अरोकेरिया आपल्या बागांत तग धरतो, कारण दोघांनाही कडक हिवाळ्याची गरज नाही. जपानी मॅपलला ती आहे. हौसेने आणलेले रोप आपला उन्हाळा सोसत नाही, पाने करपतात आणि शरदाचा रंग काही येत नाही.

महाराज लंडनला आल्यावर महिनाभरातच, जुलै १८७० मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. परतीच्या वाटेवरचा फ्रान्स त्यामुळे बंद झाल्यासारखाच होता. इंग्लंडचा निरोप घेऊन ही मंडळी बेल्जियम, जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा डोंगराळ मुलूख अशा लांबच्या रस्त्याने इटलीकडे निघाली. महिना नोव्हेंबरचा. आल्प्सच्या उतारांवरील लार्चचे सोने या दिवसांत गळून गेलेले असते आणि वर बर्फ उतरू लागलेले असते. कोल्हापूरच्या हवेत वाढलेल्या शरीराला ही थंडी मानवली नाही. संधिवाताने महाराजांचे अंग धरले. इन्सब्रुकच्या परिसरात दुखणे बळावले, चालणेही कठीण झाले. तशा अवस्थेत आल्प्स ओलांडून त्यांना फ्लॉरेन्सला आणण्यात आले.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. रोम सप्टेंबरमध्येच नव्या राष्ट्राच्या ताब्यात आले होते, पण राजधानी अजून हलली नव्हती. त्यामुळे या दूरदेशीच्या राजाचा आजार आणि मृत्यू सरकारदरबारी तत्काळ कळला. प्रश्न उभा राहिला तो अंत्यसंस्काराचा. ख्रिस्ती युरोपात दहन जवळजवळ अज्ञात होते. इटलीतील पहिले आधुनिक दहनगृह मिलानला सुरू झाले ते १८७६ मध्ये, म्हणजे आणखी पाच-सहा वर्षांनी. महाराजांच्या सोबत्यांना मात्र दुसरा कोणताही मार्ग मान्य होण्यासारखा नव्हता. अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. जागा ठरली काशिने उद्यानाच्या टोकाची, जेथे मुन्योने हा लहान प्रवाह अर्नोला मिळतो.

संगमाची ही निवड योगायोगाची नाही. पंचगंगेच्या घाटावर पूर्वजांच्या समाध्या असलेल्या घराण्यातील पुरुषाला परमुलखात निदान दोन नद्यांचे पाणी लाभावे, एवढी सोय सोबतच्यांनी पाहिली. रात्रीच्या अंधारात चिता रचली गेली. राजवस्त्रांतील देह तिच्यावर ठेवण्यात आला. असा विधी कधीच न पाहिलेल्या शहरातील बघ्यांची गर्दी थंडीत नदीकाठी लोटली होती. पहाटेपर्यंत सारे आटोपले. अस्थींचा काही भाग गंगेत विसर्जन करण्यासाठी जपून ठेवण्यात आला.

काशिने हे मूळचे मेदिची घराण्याचे शेत आणि शिकारीचे रान. नावाचा अर्थच दूधदुभत्याचे शेतघर. पुढे ते लोकांसाठी खुले झाले आणि शहराचे सर्वांत मोठे उद्यान बनले. चिनार जातीचे प्लेन, लिंडेन, एल्म, पॉप्लर यांच्या रांगा, अधूनमधून सदाहरित ओक आणि पाइन. येथे रंग लाल कमी, पिवळा आणि तांबूस जास्त. इंग्रज कवी शेलीने पश्चिम वाऱ्यावरील आपली प्रसिद्ध कविता १८१९ च्या शरदात अर्नोकाठच्या याच रानात रचायला घेतली. वाऱ्यापुढे धावणारी गळकी पाने तिच्यात आहेत. तीन वर्षांनी शेली इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाला आणि संसर्गप्रतिबंधाच्या नियमांमुळे त्याचाही देह वाळूवर चिता रचून जाळावा लागला. कवी आणि राजा यांचा परस्परांशी काही संबंध नाही, पण एवढे साम्य ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

१८७४ मध्ये दहनाच्या जागी स्मारक उभे राहिले. महाराजांचा रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, वरची भारतीय घाटाची छत्री चार्ल्स मँट या वास्तुविशारदाची. मँट हे नाव कोल्हापूरला नवे नाही. टाऊन हॉल, नवा राजवाडा आणि आजचे सीपीआर रुग्णालय या वास्तू त्यांच्याच आराखड्यातून उतरल्या. म्हणजे भाऊसिंगजी रस्त्यावरून जाणारा कोल्हापूरकर आणि अर्नोकाठी फिरणारा फ्लॉरेन्सकर नकळत एकाच माणसाचे काम पाहत असतात.

यातील काहीही राजाराम महाराजांनी पाहिले नाही. टाऊन हॉल नाही, नवा राजवाडा नाही, शहराची तहान भागविणारा कळंबा तलावही नाही. ही सारी कामे त्यांच्या पश्चात झाली. त्यांना पुत्र नव्हता. १८७१ मध्ये दत्तक आलेले शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. त्यानंतर १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे राजर्षी शाहू. फ्लॉरेन्सची ती रात्र टळली असती तर कोल्हापूरच्या इतिहासाचा पुढचा भाग कोणी लिहिला असता, हा प्रश्न अभ्यासकांना पडत असेल तर त्यात वावगे नाही.

फ्लॉरेन्सकरांनी स्मारकाला सरळ ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय, असे नाव देऊन टाकले. चार भाषांतील कोरीव लेखात महाराजांचे नाव आहे, पण तो वाचणारे कमी. शेजारच्या इमारतीला तेच नाव पडले. १९७० च्या दशकात जवळच अर्नोवर तारांनी तोललेला नवा पूल झाला, तोही ‘इंडियानोचा पूल’ याच नावाने ओळखला जातो. दररोज त्यावरून जाणाऱ्या वाहनचालकांपैकी कितीजणांना कोल्हापूर ठाऊक असेल!

इटलीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या सहलींत फ्लॉरेन्सचा मुक्काम असतो, पण कार्यक्रमात ही छत्री सहसा नसते. जायचे ठरविले तर ते अवघड नाही. शहराच्या मध्यभागातून ट्रामने उद्यानाच्या पूर्व टोकाला उतरावे आणि नदी डाव्या हाताला ठेवून झाडांच्या रांगांमधून पश्चिमेकडे चालत राहावे. तासाभराच्या आत संगम येतो. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा असेल, तर वाटेवर पाचोळा घोट्यापर्यंत असतो.