मातीचे कैवारी जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेताच मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज यांचे स्मरण होते. परंतु डोंगरावरील रान आणि पायथ्याचे शेत यांचे नातेही या थोर पुरुषाने ओळखले होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. पुण्यास त्यांच्या घरी फुलांचा व्यवसाय व शेती होती. मध्यंतरी शिक्षण खंडित झाले, तेव्हा ते वडिलांच्या शेतावर राबले; पुढे मिशनच्या शाळेत शिकले. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा उघडली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापिला. उपजीविकेसाठी ते बांधकामाचे ठेके घेत. त्यामुळे दगड, माती व पाणी यांचा स्वभाव त्यांना अनुभवाने कळला होता.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनचा शेतकरी होरपळला. त्यानंतर, १८८३ मध्ये, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ लिहिला. डोंगरावरील पानाफुलांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर खाली येते व शेतांस खत होते, हे त्यांनी त्यात दाखविले. हे सत्त्व नदीवाटे वाया जाऊ नये, पाणी शेतांत मुरावे, म्हणून पलटणीतील शिपाई व पोलीस यांच्याकडून जागोजाग ताली व बंधारे बांधवावेत, असे त्यांनी सुचविले. तलाव व ओढ्यांतील गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा, असाही त्यांचा आग्रह होता. मात्र जंगल खात्याने गायराने घेऊन गरिबांच्या शेरडाकरडांस चरावयास जागा ठेविली नाही, यावर त्यांनी कठोर टीका केली. रान राखताना रानाशेजारच्या माणसाचा विसर पडणे त्यांना मान्य नव्हते.

त्यांच्या विचाराची सत्यता आपल्या बालाघाट जिल्ह्यातही पटते. साग-बांबूच्या रानात पावसाचा मारा प्रथम पानांवर बसतो. खालचा पालापाचोळा पाणी शोषून घेतो आणि मुळे माती धरून ठेवितात. उघड्या उतारावर मात्र तेच पाणी माती खरवडून नेते. मग वरची जमीन निकस होते, खाली तळी गाळाने भरतात आणि धानाच्या बांध्यांस वेळेवर पाणी मिळत नाही. बोटभर सुपीक माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात.

१८८८ मध्ये मुंबईच्या जनतेने जोतीरावांस 'महात्मा' ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. विद्यार्थिमित्रांनो, त्यांच्या प्रतिमेस हार घालणे सोपे आहे. उतारावर एक झाड जगविणे आणि शेताचा फुटलेला बांध वेळीच सांधणे, हे त्यांचे खरे स्मरण होय.