जॉन हंटर (शल्यचिकित्सक)

जॉन हंटर (१३ फेब्रुवारी १७२८ - १६ ऑक्टोबर १७९३) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक व शरीररचनाशास्त्रज्ञ होते. शस्त्रक्रियेला प्रयोग व निरीक्षणाचा पाया देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. गर्भावस्थेत वृषण उदरातून वृषणकोशात कसे उतरतात, याचे त्यांनी केलेले वर्णन आजही आधारभूत मानले जाते.

जीवन

हंटर यांचा जन्म ग्लासगोजवळील ईस्ट किलब्राइड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. शालेय शिक्षणात त्यांना गोडी नव्हती. १७४८ मध्ये ते लंडनला थोरले बंधू विल्यम यांच्या शरीररचना विद्यालयात गेले व तेथे शवविच्छेदनात निष्णात झाले. १७६० पासून सुमारे तीन वर्षे ते सैन्यात शल्यचिकित्सक होते. १७६७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व १७६८ मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयातील पद त्यांना मिळाले. देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर हे त्यांचे शिष्य होत.

वृषणांविषयीचे संशोधन

निरनिराळ्या महिन्यांच्या गर्भांचे विच्छेदन करून हंटर यांनी दाखवले की वृषण प्रथम मूत्रपिंडाजवळ असतात व जन्मापूर्वीच्या अखेरच्या महिन्यांत जांघेच्या मार्गाने खाली येतात. त्यांना वाट दाखवणाऱ्या पट्ट्याला त्यांनी गुबरनॅक्युलम, म्हणजे लॅटिनमध्ये सुकाणू, असे नाव दिले. हे निष्कर्ष १७६२ मध्ये विल्यम यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाले. जन्मजात अंतर्गळाचे कारणही त्यातून उलगडले.

उदरातच राहिलेले वृषण मुळातच सदोष असतात व त्या दोषामुळेच ते उतरत नाहीत, असे हंटर यांचे मत होते. हे मत मान्य केल्यास शस्त्रक्रियेचा उपयोग फारसा उरत नाही. १८७७ मध्ये एडिनबरो येथे टॉमस अॅनन्डेल यांनी असे वृषण वृषणकोशात यशस्वीपणे स्थिर केले. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेतील कार्ल मूर यांच्या प्रयोगांतून दिसले की उदरातील उष्णता शुक्रजंतूंच्या निर्मितीस बाधक असते. म्हणजे दोष केवळ अवयवात नसून जागेतही असतो.

म्हणूनच आज ही शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करण्याचा सल्ला दिला जातो. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी उष्णतेला तुलनेने कमी बळी पडतात. त्यामुळे उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांनाही बहुधा दाढी-मिशा येतात, आवाज फुटतो. प्रजननक्षमता मात्र घटलेली असू शकते. एकाच बाजूचा दोष असल्यास पितृत्वाची शक्यता इतरांच्या जवळपास राहते, दोन्ही बाजूंचा असल्यास ती बरीच कमी होते. वेळेवर शस्त्रक्रिया होऊनही काहींची प्रजननक्षमता कमीच राहते. तेवढ्यापुरता हंटर यांचा तर्क निराधार नव्हता.

मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषामुळे अपत्य न होणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी पिचकारीने कृत्रिम रेतनाचा सल्ला दिला व त्याच्या पत्नीस गर्भधारणा झाली. हा वृत्तान्त त्यांच्या निधनानंतर १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मृत्यू व वारसा

सेंट जॉर्ज रुग्णालयातील एका बैठकीत वाद चालू असताना हृदयविकाराने हंटर यांचे निधन झाले. त्यांचा सुमारे १४,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश सरकारने १७९९ मध्ये विकत घेतला. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्यातील पुष्कळ नमुने नष्ट झाले. उरलेले लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आहेत.